मशीनचे फेरे: कोणता आकडा पाळायचा, कोणता सोडून द्यायचा

मागच्या महिन्यात पाचोऱ्याहून एका तरुण मिस्तरीचा फोन आला, लाकडाला कडा आणि नक्षी काढणाऱ्या राउटर मशीनबद्दल. "आबा, राउटर २२,००० वर ठेवू की २४,००० वर?" मी विचारलं, बिट (राउटरचं पातं) कोणतं लावलंय? "दरवाजाच्या पॅनलचं. तीन इंची." म्हटलं, आधी बटण बंद कर, मग बोलू. मिनिटाच्या ज्या दोन हजार फेऱ्यांसाठी तो अडून बसला होता त्यांनी कामात काडीचा फरक पडला नसता. आणि जे बिट दहा-बारा हजारांच्या वर नेऊच नये, ते तो दुप्पट फेऱ्यांवर फिरवायला निघाला होता.

हा घोळ मला धुळ्यापासून रावेरपर्यंत सगळीकडे दिसतो. काप जळका आला, सनमायका कडेला तुटला, रंध्याखाली लाटा उठल्या, की लोक पहिला हात वेगाच्या बटणाला किंवा पुलीला घालतात. खरं तर वेग सगळ्यात शेवटी बदलायचा असतो. फेऱ्यांचा एकच आकडा काटेकोर पाळायचा, तो म्हणजे कमाल मर्यादा. तिच्या खाली पाच-दहा टक्के इकडेतिकडे झाले तर लाकडाला पत्ता लागत नाही. कापताना फेरे कोसळले तर मात्र लगेच लागतो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. तिसरा आधी आणि पहिला नंतर, असं केलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

## सुरुवातीची तयारी

एक साधा लेझर टॅकोमीटर (फेरे मोजायला), एक मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायला), मोजपट्टी, गुण्या, काळा मार्कर आणि ज्या लाकडावर काम करायचंय त्याचेच चार-पाच तुकडे. "त्याचेच" हे महत्त्वाचं. सातपुड्याकडच्या सागावर जमवलेलं मशीन बाभळीवर तसंच चालेल असं धरून चालू नका, आणि अंजनावर तर नाहीच. अंजनाचं लाकूड कापताना ब्लेडखालून लोखंड चाललंय असं वाटतं. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांची गोष्ट आणखी वेगळी.

टॅकोमीटर नसला तरी काम अडत नाही. मोटरची पाटी आणि पुलीचे व्यास यांवरून नव्वद टक्के उत्तर मिळतं.

सावधान: उन्हाळ्यात गळ्यात गमछा टाकून मशीनवर उभं राहायची आपल्याकडे सवय आहे. फिरणाऱ्या मशीनजवळ गमछा नको, सैल बाही नको, हातमोजेही नकोत. मोजा पात्यात अडकला की हात आत ओढला जातो.

## टप्पा १ : दोन पाट्या वाचा

प्रत्येक कामात दोन आकडे असतात. मशीनच्या पाटीवर असतो तो मशीन किती फिरतं याचा आकडा. ब्लेड, बिट किंवा डिस्कवर असतो तो ते जास्तीत जास्त किती फेरे सोसेल याचा. ब्लेडवरचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. लहान असेल तर ते ब्लेड त्या मशीनचं नव्हे. दुकानदार "बसतंय ना भो" म्हणाला तरी नव्हे. भोकाचं माप जुळलं म्हणजे वेग जुळला असं होत नाही.

मशीनच्या पाटीवर आकडा कोणत्या जातीचा आहे तेही पाहा. टेबलच्या सर्क्युलर मशीनला, खरादाला (लाकूड गोल कातायचं मशीन), बेंच ग्राइंडरला इंडक्शन मोटर असते, म्हणजे बिनकार्बनची. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तिचे फेरे बहुधा दोन प्रकारचे भेटतात: १,४४० च्या आसपास किंवा २,८८० च्या आसपास. हा पूर्ण भारावरचा आकडा असतो. रिकामी फिरताना ती १,५०० किंवा ३,००० ला टेकते. राउटर, हातरंधा (हातात धरायचा विजेचा रंधा), ग्राइंडर, मार्बल कटर, हँड ड्रिल यांत कार्बनची (कार्बन ब्रशची) मोटर असते. त्यांच्या पाटीवरचा आकडा रिकाम्या फिरण्याचा. काप सुरू झाला की तो उतरतोच, आणि बराच उतरतो. म्हणून "पाटीवर १३,००० आहे आणि माझं ११,००० च दाखवतंय" असं म्हणून मशीन दुरुस्तीला नेऊ नका.

तपासा: ब्लेडवरचा आकडा पुसला गेलाय? मग तुम्ही त्याला कमाल किती फिरवू शकता हे कुणालाच ठाऊक नाही. असं ब्लेड भिंतीवर टांगा.

## टप्पा २ : फेरे सोडा, कडेचा वेग काढा

लाकडाला फेरे कळत नाहीत. दात त्याच्यावरून किती वेगाने जातो तेवढंच कळतं. तो वेग व्यासावर ठरतो. हिशेब सोपा आहे:

व्यास मिलिमीटरमध्ये × फेरे ÷ १९,१०० = सेकंदाला इतके मीटर.

बारा इंची ब्लेड म्हणजे ३०५ मिमी. ते २,८८० वर फिरलं तर ४६ मीटर. मार्बल कटरला लावलेलं चार इंची, म्हणजे ११० मिमीचं लाकडाचं ब्लेड १३,००० वर फिरतं, तेव्हा ७५ मीटर. एकात फेरे साडेचार पट, पण कडेचा वेग दीड पटीहून थोडा जास्त. लाकडाचं टीसीटी, म्हणजे दातांना कार्बाइडची टोकं असलेलं, ब्लेड साधारण ४५ ते ८० मीटरच्या पट्ट्यात कुठेही सुखाने कापतं. पट्टा एवढा रुंद आहे, त्यात २,८०० की २,९५० यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता त्याच १३,००० च्या कटरला गार्ड काढून १२५ मिमीचं ब्लेड लावा. ८५ मीटर. हे मी तळोद्यात, चाळीसगावात, आमच्या गल्लीतही पाहिलंय. खोल काप हवा म्हणून मोठं ब्लेड, मोठं ब्लेड बसावं म्हणून गार्ड गायब. मर्यादा ओलांडली, संरक्षणही गेलं, दोन्ही एकाच वेळी.

ग्राइंडरच्या डिस्कचंही तसंच. कापायच्या डिस्क बहुधा ८० मीटरसाठी बनवलेल्या असतात. म्हणून १०० मिमीच्या डिस्कवर १५,३०० च्या आसपास, १२५ च्या डिस्कवर १२,२०० आणि १८० च्या डिस्कवर साडेआठ हजारांच्या आसपास आकडा असतो. चार इंची ग्राइंडर ११,००० वर फिरतो. त्याला सात इंची डिस्क बसवली तर कडेला १०० मीटरच्या वर वेग जातो. आणि दातेरी लाकडी ब्लेड ग्राइंडरला लावूच नका, फेरे जुळले तरी. ग्राइंडरला टेकायला तळपट्टी नाही. ब्लेड अडकलं की सगळा झटका मनगटावर येतो.

## टप्पा ३ : पुलीचा हिशेब, आणि माझी चूक

पट्ट्यावरच्या मशीनला सूत्र एकच:

मोटरचे फेरे × मोटरच्या पुलीचा व्यास = मशीनचे फेरे × मशीनच्या पुलीचा व्यास.

१,४४० ची मोटर, तिच्यावर सहा इंची पुली, ब्लेडच्या दांड्यावर तीन इंची: १,४४० × ६ ÷ ३ = २,८८०. पट्टा दोन-तीन टक्के घसरतो, ते सोडून द्या.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मे महिन्यात मोटर जळाली. हातात चौकटींचं काम, लग्नसराई, गिऱ्हाईक दारात. दुरुस्तीवाल्याकडे तेवढ्याच हॉर्सपॉवरची जुनी मोटर होती, दांडा जुळला, बसवली. पाटीवर रंगाचे दोन हात होते, खरवडून पाहायचा कंटाळा केला. पहिला काप लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मी खूश. नेहमी घुमणारं मशीन त्या दिवशी बारीक शीळ घालत होतं, तिकडे कान गेले पण लक्ष गेलं नाही. दुसऱ्या फळीला पोरगा ओरडला, "आबा, पातं डुली ऱ्हायनं!" बंद केलं. मोटर २,८८० ची होती. पुली जुन्याच. ब्लेड ५,७६० फेऱ्यांवर, म्हणजे कडेला ९२ मीटरवर फिरत होतं, आणि ब्लेडवर कमाल ५,००० लिहिलेलं होतं.

यातला भाग लक्षात ठेवण्यासारखा हा: काप *चांगला* आला होता. जास्त वेग वाईट कापातून कळत नाही. म्हणून मर्यादा कापावरून ओळखायची नसते, ती मोजायची असते.

त्या मोटरला दोन्हीकडे सारख्या पुली लावल्या आणि २,८८० वर परत आलो. पुली बदलताना एक पाहा: ए-सेक्शनच्या पट्ट्याला (व्ही-पट्ट्याचं एक माप) तीन इंचांपेक्षा लहान पुली लावू नका. पट्टा फार वाकतो, गरम होतो, घसरतो. आणि मग तुम्ही मशीनमध्ये दोष शोधत बसता. पट्ट्याचा ताण अंगठ्याने मधोमध दाबून बघायचा. दोन पुलींमधल्या दर फुटाला साधारण ५ मिमी दबला की ठीक. तारेसारखा ताठ केला तर बेअरिंग जातं.

तपासा: मोटर बदलली, थ्री-फेजची जोडणी उघडली किंवा वीज दुरुस्तीनंतर परत आली, की आधी ब्लेड काढून मोटर क्षणभर चालवा आणि दिशा पाहा. दोन फेज उलटले की मोटर उलटी फिरते. उलटं ब्लेड फळी तुमच्या हातून हिसकावून पलीकडे फेकतं, आणि नट सैल होऊ शकतो ते वेगळंच.

## टप्पा ४ : वीज मोजा, पण काप चालू असताना

टॅकोमीटर रिकाम्या मशीनवर खोटं बोलतो. निदान अर्धं सत्य सांगतो.

इंडक्शन मोटरचे फेरे हर्ट्झवर चालतात, व्होल्टेजवर फारसे नाहीत. घरात १८० व्होल्ट येत असले तरी रिकामी मोटर २,९५० च्या पुढेच दाखवते. तुम्ही म्हणता, वेग तर बरोबर आहे. पण मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० च्या जागी १८० आले की ताकद उरते ६१ टक्के. फळी पुढे ढकलली की मोटर दबते, जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला असतो, एकाच ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यांचे कूलर आणि पंप चालू असतात. मोटरच्या पाटीवर भोवतालचं तापमान बघा, अनेकदा ४० अंश लिहिलेलं असतं. पत्र्याच्या शेडखाली तेवढ्याला आपण सकाळी अकरालाच पोचतो.

मोजायचं असं:

१. ज्या सॉकेटवर मशीन आहे तिथेच, शेजारच्या मोकळ्या पॉइंटवर मल्टीमीटर लावा. मेन बोर्डावर नको.

२. मशीन बंद असताना, रिकामं फिरताना आणि फळी कापताना, असे तीन आकडे लिहा. तिसरा महत्त्वाचा. मीटर दुसऱ्याला वाचायला सांगा, तुमची नजर ब्लेडवरून हलता कामा नये.

३. मोटर साधारण दहा टक्क्यांचा फरक सोसते, म्हणजे २०७ ते २५३. कापताना २०७ च्या खाली गेलं तर जाड लाकूड त्या वेळी घेऊ नका.

आधी एक्स्टेंशनची वायर बघा. साइटवर ३० मीटर लांब, १ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल आणि मशीन १० अँपिअर ओढत असेल तर वाटेतच ११ व्होल्टच्या आसपास जातात. तीच वायर २.५ चौरस मिमीची घेतली तर चारच्या आसपास. सुरू होताना मोटर याच्या कितीतरी पट करंट घेते, तेव्हा बारीक वायर आणखी मारते. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर तापते.

जनरेटरवर काम असेल तर हर्ट्झ बघा. ५० च्या जागी ४७ आले तर फेरे सहा टक्के उतरतात. कापाला काही होत नाही, घाबरू नका. उलटं, कुणी व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) बसवून ६० हर्ट्झवर चालवत असेल तर २,८८० चे ३,४५० च्या वर होतात. तेव्हा टप्पा १ आणि २ पुन्हा करा. आणि पंख्याचा रेग्युलेटर सर्क्युलर मशीनला लावायचा प्रयोग कुणी करू नका. त्याने वेग कमी होत नाही, मोटर जळते.

टॅकोमीटर वापरताना चमकती पट्टी पुलीवर किंवा नटावर चिकटवा, ब्लेडच्या पत्र्यावर नको. आजूबाजूला चमक असेल तर मार्करने काळं करा, नाहीतर मीटर एका फेरीत दोनदा मोजतो आणि तुम्हाला वाटतं मशीन सहा हजारांवर गेलं.

सावधान: जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरतं ब्लेड कधीकधी थांबल्यासारखं किंवा उलटं सावकाश फिरल्यासारखं दिसतं. ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते त्याचा हा खेळ. "थांबलं" हे डोळ्याने ठरवू नका, प्लग काढा आणि वाट पाहा.

## टप्पा ५ : धार आणि राळ

हा टप्पा गाळून लोक सहाव्यावर जातात, आणि मग वेग बदलूनही काही होत नाही.

सागात सिलिका असते, ती धार खाते. चार दरवाजे सागाचे कापले की ब्लेड वरून चांगलं दिसतं, पण दाताच्या टोकावर नख ओढलं की घसरतं. धार असेल तर नखाचा कीस निघतो. हे बघताना मशीनचा प्लग काढलेला हवा. दातांच्या बाजूला तपकिरी राळ साचली असेल तर टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पूर्ण कोरडं करूनच बसवा. मी पैज लावून सांगतो, "वेग कमी पडतोय" म्हणून माझ्याकडे आलेल्या दहा ब्लेडांतली निम्मी फक्त मळकी असतात.

मग गाइडपट्टी, म्हणजे जिला टेकवून फळी ढकलतो ती, ब्लेडला समांतर आहे का, तेही आत्ताच. ब्लेडच्या एका दाताला खूण करा, तो पुढे आणून अंतर मोजा, तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. वेगळ्या दाताने मोजलंत तर ब्लेडचा वाकडेपणा मोजाल.

## टप्पा ६ : आता वेग ठरवा

राउटर. इथे वेग खरोखर महत्त्वाचा, कारण बिटांचे व्यास फार वेगळे. एक इंचापर्यंत २२,००० ते २४,०००. एक ते दोन इंच १६,००० ते १८,०००. दोन ते अडीच १२,००० ते १६,०००. त्याहून मोठं बिट ८,००० ते १२,०००. बिटाच्या डब्यावर यापेक्षा कमी लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. पाचोऱ्याच्या पोराचं तीन इंची बिट २४,००० वर गेलं असतं तर कडेला ९५ मीटर. १०,००० वर तेच ४० मीटर. मोठी बिटं हातात धरून चालवायची नाहीत, राउटर टेबलाखाली बसवूनच, आणि एका दमात पूर्ण खोली न घेता तीन-चार वेळा थोडं थोडं खोल नेत.

राउटरच्या बटणावर १ ते ६ आकडे असतात, फेरे नसतात. प्रत्येक मशीनचा ३ वेगळा. पुस्तिकेतून पाहून बटणाशेजारी मार्करने लिहून ठेवा.

ट्रिमरला (छोट्या राउटरला) बहुधा एकच वेग असतो, तीस हजारांच्या आसपास. त्याला बटण नाही म्हणजे निवड नाही. निवड फक्त बिटाची. छोटंच बिट.

ड्रिल. कपाटाच्या कप बिजागरीचं ३५ मिमीचं भोक. साधी एकवेगी ड्रिल २,८०० च्या आसपास फिरते, त्यावर हे बिट प्लाय जाळतं आणि उडतं. ५०० ते १,००० च्या मध्ये ठेवा: दोन गिअरची ड्रिल असेल तर पहिला गिअर, नसेल तर ट्रिगर अर्धा. हॅमर बंद आहे का बघा, हे विसरणारे रोज भेटतात. १८ मिमीच्या प्लायमध्ये खोली १२ मिमीला थांबवा, बिटाचं मधलं टोक त्याहून पुढे असतं. कुलपासाठी होल सॉ (मोठं भोक पाडणारी गोल करवत) वापरताना ५०० च्या आसपास. लहान, ३-४ मिमीच्या भोकाला पूर्ण वेग द्या, काही बिघडत नाही.

खराद. लाटणं, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. इथे जुना ठोकताळा चांगला चालतो: ६,००० ते ९,००० ला इंचातल्या व्यासाने भागा. तीन इंची पायाला २,००० ते ३,०००, सहा इंची वाडग्याला १,००० ते १,५००. पण हा शेवटच्या सफाईचा वेग. ओबडधोबड चौकोनी किंवा सालीसकट तुकडा बसवला असेल तर याच्या अर्ध्याहून खाली सुरू करा, गोल झाला की वाढवा. सुरू करताना तुकड्याच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. बाभळीचा गाठीचा तुकडा तोल सोडून सुटला तर शेडचा पत्रा फाडतो.

रंधा मशीन आणि हातरंधा. वेग बहुधा ठरलेला असतो. इथे सगळा खेळ पुढच्या टप्प्याचा.

बेंच ग्राइंडर. आठ इंची दगड २,८८० वर ३० मीटर होतो. दगडावर यापेक्षा जास्त मर्यादा लिहिलेली हवी. पटाशीला धार लावताना पातं निळं पडतं ते वेगापेक्षा दाबाने. हलका हात, जवळ पाणी.

## टप्पा ७ : हाताचा वेग

मशीनचा वेग सगळे विचारतात. हाताचा कुणी विचारत नाही, आणि खरा फरक तिथे आहे.

प्रत्येक दात लाकडाचा एक छोटा कीस काढतो. कीस फार बारीक झाला तर दात कापत नाही, घासतो. घासलं की तापतं, तापलं की काळा डाग. म्हणजे "जळतंय म्हणून हळू ढकलतो" हा उपाय आगीत तेल आहे.

आकड्यांत बघा. ब्लेड ३,००० वर, तुम्ही फळी मिनिटाला ४ मीटर ढकलताय. २४ दातांचं ब्लेड असेल तर मिनिटाला ७२,००० दात लाकडावरून जातात, दर दाताचा कीस ०.०५५ मिमी. तिथेच ६० दातांचं ब्लेड लावलं तर १,८०,००० दात, कीस ०.०२२ मिमी. ब्लेड बदलल्याने कीस अडीच पट बदलला. फेरे ३,००० वरून २,८०० वर आणले असते तर तोच कीस फक्त सात टक्क्यांनी बदलला असता. म्हणून उभ्या कापाला, म्हणजे रेषेच्या दिशेने चिरायला, २४ दाती ब्लेड घ्या. ६० दाती ब्लेडने दोन इंची सागाची फळी उभी चिरायला जाल तर डाग पडणारच. ते प्लाय, सनमायका आणि आडव्या कापासाठी.

हातरंध्यात उलटं होतं. १६,००० फेरे, दोन पाती, मिनिटाला ४ मीटर: पात्याचे वार एकमेकांपासून ०.१२५ मिमीवर पडतात, फळी गुळगुळीत. घाईत तिप्पट वेगाने ओढलात तर वार पावणेचार दशांश मिमीवर, आणि पॉलिश मारलं की लाटा उन्हात चमकतात. पाती जोडीने बदला. एक नवं आणि एक जुनं असेल तर कापतं एकच, दुसरं नुसतं फिरतं. म्हणजे वेग न बदलता तुम्ही काम निम्मं करून ठेवलंत.

तपासा: कानाने. ढकलताना आवाज थोडा खाली उतरून तिथेच टिकला तर हात बरोबर. आवाज खाली-खाली घसरत गेला तर दाब जास्त. आवाज बदललाच नाही तर तुम्ही फार हळू आहात.

## टप्पा ८ : नमुना काप, मग खुणा वाचा

तुकड्यावर हातभर काप घ्या. आता बघा:

डाग कापाच्या दोन्ही अंगांना आहे? हात हळू किंवा धार गेली. एकाच अंगाला आहे? गाइडपट्टी समांतर नाही. वेग बदलून हा डाग सात जन्मांत जाणार नाही.

भुसा हातात घ्या. लाकडाचा कीस बोटांना जाणवायला हवा. पिठासारखा आणि गरम असेल तर दात घासताहेत. एमडीएफला ही खूण लावू नका, त्याचं कायम पीठच होतं, नाकाला मास्क बांधा.

सनमायका खालच्या बाजूने तुटतोय? दात कमी आहेत किंवा ब्लेड फार वर आलंय. हातातल्या सॉने कापताना वरच्या बाजूने तुटतोय तर फळी उलटी धरलीय: टेबल मशीनवर चांगली बाजू वर, हातातल्या सर्क्युलर सॉवर चांगली बाजू खाली, कारण दात वेगवेगळ्या दिशेने बाहेर पडतात.

रंधा मारल्यावर एकसारख्या अंतरावर लाटा? पात्यांची उंची सारखी नाही.

मशीन काप सुरू होताच घुसमटतं? टप्पा ३ आणि ४ वर परत जा, पट्टा आणि व्होल्टेज. बहुतेक वेळा पट्टा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तुकडा कापा. धार, मग गाइडपट्टी, मग हात, मग दातांची संख्या. एवढं करूनही डाग राहिला तरच वेगाला हात लावा, तोही दहा-पंधरा टक्क्यांनी, मर्यादेच्या आत.

सावधान: अडकलेली फळी मागे ओढू नका. आधी बंद, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग सोडवा. ब्लेडच्या सरळ रेषेत कधीच उभं राहू नका, "एकच काप आहे" म्हणूनसुद्धा.

## टप्पा ९ : लिहून ठेवा

जमलेला आकडा डोक्यात ठेवू नका. ऑइलपेंटने मशीनवरच लिहा: मोटरचे फेरे, दोन्ही पुली, ब्लेडचा सगळ्यात मोठा चालणारा व्यास. मी नसताना पोराने ब्लेड बदललं तरी त्याला विचारावं लागत नाही.

माझ्या शेडच्या भिंतीवर खडूने आखलेला तक्ता आहे. राउटरसमोर बिटाचे चार गट आणि बटणाचे चार आकडे. सर्क्युलरसमोर २,८८० आणि त्याखाली "बारा इंचांवर नको". ट्रिमरसमोर वेगाच्या रकान्यात आडवी रेघ, बाजूला बिटाचं माप. हातरंध्यासमोर फेरे लिहिलेलेच नाहीत, तिथे नुसतं "सावकाश" आहे, आणि पोराने त्याच्यापुढे माझं नाव लिहून ठेवलंय.